सुई शेवटी: गाडीच्या वॉशरचे जेट साफ करणं आणि नेम लावणं

संध्याकाळी ऐरोली पुलावरून मुलुंडकडे येताना सूर्य थेट समोर असतो. दिवसभर महापे-रबाळेच्या रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवर धुळीचा पातळ थर बसलेला असतो. सावलीत तो जाणवतही नाही, पण ऊन तिरपं पडलं की सगळी काच पांढरी होते आणि पुढच्या गाडीचे ब्रेकचे दिवे दिसेनासे होतात. वॉशरची दांडी ओढायची वेळ ती हीच. अशा वेळी एका जेटमधून, म्हणजे काचेवर पाणी उडवणाऱ्या तोटीतून, नुसतं पाणी ओघळलं आणि दुसऱ्याची धार छपरावरून मागे गेली, तर वायपर कोरड्या धुळीवरून फिरतो. काच आणखी बरबटते, आणि धुळीतले वाळूचे कण वायपरच्या फेरीत कमानीसारखे बारीक ओरखडे पाडून जातात. ते ओरखडे मग निघत नाहीत.

जेट बंद पडला की हात आधी टाचणीकडे जातो. टाचणी घातली, धार सुटली, काम झालं असं वाटतं. चार दिवसांनी जेट पुन्हा बंद. कारण भोकात अडकलेला कण टाचणीने बाहेर येत नाही, आत ढकलला जातो, आणि मोटर पुढच्या वेळी त्याला त्याच भोकाशी आणून बसवते. मूळ घाण टाकीत असते. म्हणून सफाई टाकीकडून जेटकडे करत यावं, जेट उलट्या बाजूने धुवावा आणि सुई शेवटी हातात घ्यावी, तीही फक्त नेम लावायला. या लेखातला सगळा क्रम त्यावरच बेतलेला आहे.

पाणी कुठून कुठे जातं

बॉनेट उघडल्यावर झाकणावर काच आणि कारंज्याचं चिन्ह असलेली बाटली दिसते. दिसतं ते बहुधा नुसतं तोंड. टाकीचं पोट बऱ्याच गाड्यांत खाली, बंपरच्या कोपऱ्यात किंवा पुढच्या चाकावरच्या प्लास्टिकच्या आड असतं. टाकीच्या तळाशी एका रबरी बुशमध्ये, म्हणजे भोकात बसवलेल्या रबरी कड्यात, १२ व्होल्टची छोटी मोटर दाबून बसवलेली असते, आणि पुष्कळ गाड्यांत त्या बुशमध्येच बारीक जाळी असते. मोटरपासून निघालेली नळी, आतून साधारण ४ मिलिमीटरची, बॉनेटच्या बिजागरीजवळून वर येते. वाटेत एकेरी झडप असते, म्हणजे पाणी पुढे जाऊ देणारा पण मागे न येऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. मग टी जॉइंट, आणि तिथून दोन जेटना दोन फांद्या.

जेट मुख्यतः दोन प्रकारचे. एकात ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी बसवलेली असते आणि गोळीला भोक असतं, त्यातून सरळ धार निघते. ही गोळी सुईने फिरवून नेम लावता येतो. दुसऱ्या प्रकारात भोकाऐवजी अरुंद फट असते आणि पाणी पंख्यासारखं पसरतं. त्याला गोळी नसते, त्यामुळे सुईने नेम लावता येत नाही. फार तर काही गाड्यांत स्क्रूड्रायव्हरने अख्खा जेट किंचित वर-खाली झुकवता येतो. त्या फटीच्या आत पाण्याला हेलकावे देणारी बारीक वाट असते. सुईने टोकरून तिची कड बिघडली की पंखा फाटतो आणि जेट बदलावाच लागतो. तेव्हा आधी वाकून नीट बघा, तुमच्या गाडीला कोणता आहे.

आधी बिघाड कुठे आहे ते ठरवा

इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करा आणि दांडी ओढा. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला टाकीच्या बाजूने बारीक घुंऽऽ असा आवाज यायला हवा.

आवाजच नाही, तर जेटला हात लावू नका. आधी फ्यूज बघा. कोणता ते फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. फ्यूज ठीक असेल तर मोटरची पिन काढून, दुसऱ्याला दांडी ओढायला सांगून, मल्टिमीटरने व्होल्टेज बघा. १२ व्होल्टच्या आसपास येत असूनही मोटर गप्प असेल तर मोटर गेली किंवा अडकली. महिनोन् महिने कोरड्या राहिलेल्या टाकीतला चिकट गाळ वाळून मोटरचा पंखा धरून ठेवतो. हलकी टिचकी मारून ती सुटली तरी भरवसा ठेवू नका, काढून साफ करा. व्होल्टेजच येत नसेल तर बिघाड वायर, रिले किंवा दांडीच्या स्विचमध्ये आहे. ते काम इलेक्ट्रिशियनचं.

आवाज आहे पण दोन्हीकडे पाणी नाही: टाकी रिकामी, जाळी तुंबलेली, नळी निसटलेली, किंवा उंदराने कुरतडलेली. स्टिल्ट पार्किंगमध्ये आणि बेसमेंटमध्ये, विशेषतः पावसाळ्यात, उंदीर गरम इंजिनाच्या आसऱ्याला येतात आणि वॉशरची मऊ नळी त्यांच्या दातांखाली सहज सापडते. दांडी ओढल्यावर गाडीखाली किंवा इंजिनवर पाणी ठिबकलं तर हेच समजा. नळीवर जोडीजोडीने उमटलेल्या दातांच्या खुणा दिसतातच.

एका बाजूला जोरदार धार आणि दुसरीकडे काहीच नाही, म्हणजे मोटर, जाळी आणि मुख्य नळी ठीक. दोष टी जॉइंटच्या पुढे, त्या एका फांदीत किंवा जेटमध्ये. दोन्हीकडे पाणी येतं पण दांडी ओढल्यावर दोन-तीन सेकंद उशिरा, तर एकेरी झडप गेली आहे. गाडी उभी असताना नळीतलं पाणी टाकीत परत उतरतं आणि दर वेळी मोटरला नळी नव्याने भरावी लागते. झडप बदलताना तिच्यावरचा बाण जेटच्या दिशेला ठेवा. उलटी बसली तर पाणी येणारच नाही. माशांच्या टाकीची झडप मिळते ती हवेसाठीची असते, ती इथे लावू नका. नळी मात्र मत्स्यालयाच्या दुकानातली, ४ मिलिमीटर आतली आणि ६ मिलिमीटर बाहेरची, चालते. फक्त ती इंजिनच्या गरम भागाला टेकू देऊ नका.

दोन्ही धारा बारीक आणि मरगळलेल्या असतील तर नळी जेटपाशी किंवा टी जॉइंटपाशी सोडवा, मापाच्या ग्लासात धरा आणि ५ सेकंद मोटर चालवा. मोकळ्या नळीतून साधारण १०० मिलिलिटर तरी यायला हवं. आलं तर अडथळा जेटमध्ये. नाही आलं तर जाळीत, नळीत किंवा मोटरमध्ये. ही एक चाचणी पुढची निम्मी उठाठेव वाचवते.

मोटर एका दमात १० सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका, मध्ये थोडा श्वास घेऊ द्या. रिकाम्या टाकीवर तर अजिबात नको, पाणी हेच तिचं थंडावणं आणि वंगण.

जेट बंद का होतात

इथे पाण्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण ठाण्यात आणि नवी मुंबईत गाड्या वेगवेगळ्या पाण्यावर चालतात. नवी मुंबईचं मोरबे धरणाचं नळाचं पाणी बोअरच्या मानाने मऊ असतं. घोडबंदर रोडच्या बऱ्याच सोसायट्यांत मात्र टँकर येतो, आणि पार्किंगमधल्या गाडी धुण्याच्या नळाला अनेक ठिकाणी बोअरचं पाणी असतं. गाडी पुसणारा रोज तेच पाणी टाकीत ओततो. त्यातले क्षार जेटच्या तोंडाशी पाणी सुकलं की मागे राहतात. बॉनेट उन्हात आणि इंजिनच्या धगीने तापतं, भोकातला शेवटचा थेंब वाळतो, क्षाराचं एक कडं बसतं, आणि हळूहळू पाऊण-एक मिलिमीटरचं भोक निम्मं होतं.

घरच्या आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी टाकीत घालायची सवय मोडा. क्षार वेगळे काढून त्याच पाण्यात सोडलेले असतात, म्हणजे जेटसाठी वाईटातलं वाईट पाणी ते. एसीचं पाणी मऊ असतं, पण त्यात ट्रेमधला बुळबुळीत गाळ येतो. पिण्याचं आरओचं पाणी किंवा बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर उत्तम.

दुसरं कारण शेवाळ आणि चिकटा. नुसतं पाणी आठवडेच्या आठवडे कोमट टाकीत राहिलं की आत पातळ बुळबुळीत पडदा धरतो, तो सुटून जाळीवर बसतो. तिसरं, साबण. शॅम्पू किंवा भांड्यांचं लिक्विड घातल्याने फेस होतो, काचेवर पट्टे उमटतात, आणि जेटमध्ये सुकून त्याची खळ होते. दोन वेगळ्या कंपन्यांचे वॉशर लिक्विड मिसळल्यावरही कधी कधी जेलीसारखे गोळे धरतात. चौथं कारण बाहेरून येतं: बॉनेटला लावलेलं मेणाचं पॉलिश. फडकं जेटवरून फिरतं, मेण भोकात जातं आणि वाळतं. हे एकच असं की ज्यात घाण बाहेरून आत येते.

सामान

पांढरं व्हिनेगर, किराणा दुकानातलं साधं. औषधाच्या दुकानातून सुई नसलेली २० मिलिलिटरची सिरिंज, तिचं टोक वॉशरच्या नळीत घट्ट बसतं. जुना टूथब्रश, वाटी, बादली, दोन फडकी, चपटा स्क्रूड्रायव्हर आणि त्याच्या टोकाला गुंडाळायला चिकटपट्टी म्हणजे रंगाला ओरखडा जात नाही. नेमासाठी बारीक शिवणाची सुई, कागदी मास्किंग टेप. शिवाय मदतीला एक माणूस. सकाळी लवकर किंवा सावलीत काम करा. भर उन्हात तापलेल्या बॉनेटवर व्हिनेगर सुकून डाग राहतो.

टाकी आणि नळी

सर्वात आधी जेटकडे जाणारी नळी सोडवा आणि तिचं टोक रिकाम्या बाटलीत सोडा. हे विसरलात तर टाकीत ढवळलेली सगळी घाण जेटमध्येच जाऊन बसेल, आणि पुढची मेहनत फुकट.

मोटर थोडी थोडी चालवून टाकी रिकामी करा. आवाज पोकळ झाला की थांबा. आता व्हिनेगर एक भाग आणि कोमट पाणी चार भाग असं मिश्रण अर्ध्या टाकीपर्यंत भरा. उकळतं पाणी नको, प्लास्टिक आणि रबर दोन्ही मऊ पडतात. अर्धा तास ठेवा, अधूनमधून बंपर धरून गाडी हलवा म्हणजे आत पाणी डुचमळतं. मग पुन्हा मोटरने बाटलीत काढा. बाटलीतलं पाणी उजेडात धरून बघण्यासारखं असतं. आधी हिरवट चिंध्या, मग तांबूस कण, मग नुसतं गढूळ. साधं पाणी भरून निदान दोनदा असंच काढा, येणारं पाणी नितळ होईपर्यंत.

शेवाळ मारायला ब्लीच घालायचा सल्ला कुणी देईल. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. ब्लीच वापरूच नका.

धार अजूनही कमी असेल तर जाळीपर्यंत जावं लागेल. स्टिअरिंग टाकीच्या विरुद्ध बाजूला पूर्ण वळवलं की त्या चाकामागे हात घालायला जागा होते, तिथलं प्लास्टिकचं अस्तर दोन-तीन क्लिप काढून मागे दुमडा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. खाली घमेलं ठेवा, मोटर हलकेच हलवत बुशमधून ओढा. उरलेलं पाणी एकदम बाहेर येतं, तयार रहा. बुश काढून जाळी टूथब्रशने धुवा. परत बसवताना बुशला साबणाच्या पाण्याचं बोट फिरवा, मोटर सहज सरकते. ग्रीस नको, रबर फुगतं आणि गळती लागते.

कुरतडलेली नळी असेल तर खराब तुकडा ब्लेडने सरळ कापून काढा आणि प्लास्टिकचा जॉइंट घाला. नुसती चिकटपट्टी गुंडाळून चालत नाही, दाबाखाली दोन दिवसांत सुटते.

जेट

बॉनेटच्या आतलं जाजम प्लास्टिकच्या क्लिपांनी धरलेलं असतं. जेटजवळच्या दोन-चार क्लिपा काढल्या की पुरे. जेटची नळी पिळत ओढा, सरळ खेचली तर जेटची दांडी मोडते. मग खालून जेटच्या दोन्ही बाजूंचे कान बोटांनी दाबून तो वर ढकला. जुन्या गाडीत हे कान ठिसूळ झालेले असतात; कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं पाच मिनिटं त्यावर धरलं तर प्लास्टिक थोडं लवचीक होतं. फार जोर लागत असेल तर सोडून द्या. जेट जागेवर ठेवूनही साफ होतो, फक्त वेळ लागतो.

काढलेला जेट वाटीत व्हिनेगर आणि कोमट पाणी अर्धं-अर्धं घेऊन त्यात बुडवा. क्षार असेल तर भोकाच्या तोंडाशी बारीक बुडबुड्यांची माळ उठते, पांढरं कडं आधी साबुदाण्यासारखं अर्धपारदर्शक होतं आणि मग विरतं. अर्धा तास पुरतो. बुडबुडे चालूच असतील तर ताजं मिश्रण घेऊन आणखी अर्धा तास. बुडबुडे येत नसतील तर अडथळा मेणाचा किंवा साबणाचा आहे. तेव्हा गरमसर पाणी आणि टूथब्रश.

मग सिरिंज. तिच्या टोकाला नळीचा इंचभर तुकडा बसवा, तुकड्याचं तोंड जेटच्या भोकावर घट्ट दाबा आणि पाणी उलटं सोडा, म्हणजे बाहेरच्या भोकातून आत आणि नळीच्या दांडीतून बाहेर. कण ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जातो. दोन-तीन सिरिंज उलट्या, मग एक सुलट. सुलट सोडताना धार सरळ, अखंड निघायला हवी. वाकडी किंवा फाटलेली निघाली तर भोकाच्या कडेला अजून क्षार आहे, पुन्हा भिजवा.

जेट काढला नसेल तर व्हिनेगरचा कापसाचा बोळा भोकावर पंधरा-वीस मिनिटं ठेवा, भोवती ओलं फडकं घाला, आणि नंतर रंगावरून भरपूर पाणी ओता. त्यानंतर नळी सोडवून बाहेरून सिरिंजने उलटं पाणी मारा. टायरवाल्याकडची हवा मारायची असेल तर नळी जेटपासून सोडवलेलीच हवी आणि दाब कमी. नळी जोडलेली असताना हवा मारली तर कुठला तरी जॉइंट निसटतो, आणि तो नेमका हात न पोचणाऱ्या जागी असतो.

पेट्रोल, रॉकेल यांनी जेट धुवू नका. प्लास्टिक, रबर आणि रंग, तिन्हीचं नुकसान होतं.

नेम

आधी काच स्वच्छ पुसा आणि वायपर एकदा फिरवून तो कुठवर पोचतो ते बघा. त्या पुसल्या जाणाऱ्या भागाबाहेर पडलेला प्रत्येक थेंब वाया.

चालक आपल्या नेहमीच्या सीटवर बसू दे. त्याच्या डोळ्यांसमोर, पुसल्या जाणाऱ्या भागाच्या तळापासून साधारण दोन-तृतीयांश उंचीवर, बाहेरून टेपचा एक तुकडा चिकटवा. जेटला दोन भोकं असतील तर दुसरा तुकडा त्याच्या थोडा बाजूला आणि थोडा खाली. शेजारच्या सीटसमोरही तसंच. दोन-तृतीयांश उंची सांगण्याचं कारण असं की गाडी पळू लागली की समोरचा वारा धार खाली दाबतो. उभ्या गाडीत बरोबर मध्यावर पडणारी धार वेगात वायपरच्या बुडाशी पडते. अटल सेतूवर कारला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि तिथे खारट वाऱ्याने काच चिकट होते. पण काच पुसायला गाडी थांबवता येत नाही. नेम त्या वेगाला पुरला पाहिजे.

सुई गोळीच्या भोकात दोन-तीन मिलिमीटरच घाला. धार ज्या बाजूला न्यायची त्या बाजूला सुईचं बाहेरचं टोक हलकेच झुकवा, सुई जिकडे बघते तिकडेच पाणी जातं. टोक मिलिमीटरभर हललं तरी काचेवर धार दोन-तीन सेंटिमीटर सरकते, म्हणून किंचित हलवा, सुई काढा, दांडी ओढा, बघा. सुई आत ठेवून मोटर चालवू नका. गोळी हलतच नसेल तर जोर करू नका, सुईचं टोक आत तुटलं तर जेट फेकावाच लागतो. कोमट पाणी आणि सिलिकॉन स्प्रेचा एक थेंब, पाच मिनिटं थांबा, पुन्हा बघा. गोळी उलट फारच सैल असेल तर नेम टिकणार नाही, जेट बदला.

टेप काढा आणि रस्त्यावर तपासा. मोकळा रस्ता बघून ६०च्या वेगाला दांडी ओढा, पाणी कुठे पडतं ते शेजारी बसलेल्याने बघायचं. खाली पडलं तर थोडं वर घ्या. उभ्या गाडीत धार छपरावर गेली तर जास्त झालं. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर तो फवारा जातो.

टाकीत काय भरावं

मऊ पाणी आणि वॉशर लिक्विड, बाटलीवर छापलेल्या प्रमाणातच. जास्त घातल्याने जास्त स्वच्छ होत नाही, काचेवर तेलकट पट्टे येतात. ठाण्यात पाणी गोठत नाही, त्यामुळे गोठणरोधक महागडं लिक्विड लागत नाही. डिझेलच्या धुराचा आणि मेलेल्या किड्यांचा तेलकटपणा सोडवणारं साधं पुरे. लिक्विड बदलताना जुनं पूर्ण काढून टाका. आणि कूलंटची टाकी आणि ही टाकी यांत गल्लत करू नका. कूलंट वॉशरमध्ये गेलं तर काचेवर सहज न निघणारा चिकट थर येतो. वॉशरचं साबणपाणी कूलंटमध्ये गेलं तर इंजिन चालू न करता थेट मेकॅनिकला बोलवा.

हॅचबॅकच्या मागच्या काचेचा जेट याच टाकीतून चालतो. पुष्कळ गाड्यांत एकच मोटर एका दिशेने फिरली तर पुढे आणि उलटी फिरली तर मागे पाणी देते. मागची नळी छताच्या अस्तरातून जाऊन डिकीच्या दाराच्या रबरी बाहीतून वळते, आणि दार उघडून-मिटून ती नेमकी तिथेच चिरते. मागच्या काचेवर पाणी नाही आणि छताचं अस्तर मागच्या कोपऱ्यात ओलं, असं दिसलं तर दांडी पुन्हा ओढू नका. आधी ती बाही उघडून नळी बघा.